घडीचा मोबाइल फोन : मूळ प्रत व देशोदेशींचे पाठभेद

आमच्या एका स्नेह्यांनीं पोथ्या व नाणीं यांच्या संग्रहास अलीकडे जुन्या दूरध्वनियंत्रांची जोड दिली आहे. गेल्या वर्षीं त्यांनीं आमच्यापुढें मुठींत मावेल असा एक काळा घडीचा संच ठेवला व सांगितलें कीं, हा मोटोरोला कंपनीचा स्टारटॅक असून त्यांच्या वडील बंधूंनीं तो १९९७ सालीं मुंबईंत वापरला. सबब भारतांतील आरंभींच्या घडीच्या फोनांत त्याची गणना व्हावी. संच अस्सल होता, यांत शंका नाहीं. आम्हीं बॅटरी उतरवून, संच उलटसुलट करून निर्मात्याची बारीक अक्षरांची चिठ्ठी वाचली. सिम कार्ड बसविण्याची खाच संचांत कोठेंच नव्हती. आणि चिठ्ठीवरील क्रमांक पंधरा अंकी नसून अमेरिकेंतील जाळ्यांकरितां देत त्या जातीचा होता. संच तेथील ॲनालॉग जाळ्यासाठीं घडविलेला होता.

आपल्याकडील सार्वजनिक सेल्युलर सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. त्या दिवशीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू हे कलकत्त्याहून दिल्लीस दळणवळण-मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. ती सेवा पहिल्या दिवसापासून जीएसएम या डिजिटल पद्धतीची होती, आणि मुंबईंत त्याच वर्षीं आलेली सेवाही तीच. अर्थात् प्रस्तुत संचावरून मुंबईंत एक शब्दही बोलला गेला असणें संभवत नाहीं. हें आमच्या स्नेह्यांस रुचलें नाहीं, आणि तें स्वाभाविकही होतें. बंधु हयात नव्हते, व संच हीच त्यांची आठवण होती. परंतु या निमित्तानें एक गोष्ट स्पष्ट झाली. या यंत्रांचे संग्राहक आतां वाढत आहेत, आणि बहुतेक जण संचाच्या बाह्य रूपावरून त्याचा देश व काळ ठरवितात. पोथीचें वेष्टन पाहून तिचा लेखनकाल सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. म्हणून या यंत्रांची उत्पत्ति, त्यांचे देशपरत्वें झालेले भेद व ते ओळखण्याचीं साधनें यांची थोडी चर्चा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा विचार. फ्लिप फोन हा शब्द सैल असून त्यांत दोन जातींचे संच एकत्र केले जातात. एका जातींत यंत्र अखंड असतें. कळांवर एक पातळ झडप तेवढी येऊन पडते. दुसऱ्या जातींत सबंध यंत्रच मधोमध बिजागरीवर दुमडतें. कानाशीं धरावयाचा भाग एका पानावर व कळा दुसऱ्या पानावर असतात. पहिल्यास आम्ही झडपेचा व दुसऱ्यास घडीचा म्हणूं. आपल्या बाजारांत दोहोंसही सरसकट फोल्डिंगचा मोबाइल म्हणत, आणि येथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

घडीची कल्पना मोबाइलहून जुनी आहे. इटलींत मार्को झानुसो व रिचर्ड सॅपर या दोघां आकृतिकारांनीं १९६५ च्या सुमारास ग्रिल्लो नांवाचा तारेचा टेलिफोन आखला. तो ठेवला कीं मिटे व उचलला कीं उघडे. ग्रिल्लो म्हणजे रातकिडा. त्यास १९६७ चें कॉम्पासो दोरो हें इटालियन पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास, १९६६ सालीं, अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या दूरदर्शनमालेंतील पात्रें झांकण उघडून बोलण्याचें एक कल्पित यंत्र वापरीत. स्टारटॅक हें नांव या मालेवरून पडल्याचें पुष्कळ जण सांगतात. पण त्या नांवाचा उत्तरार्ध मालेहून स्वतंत्र असून तो कंपनीच्या घरांतलाच आहे. तो कसा, हें पुढें येईल.

मोटोरोला कंपनीचा पहिला हातीं धरावयाचा विक्रीचा संच म्हणजे १९८३ चा डायनाटॅक ८०००एक्स. वजन पाऊण किलोहून अधिक, किंमत ३,९९५ डॉलर. त्याच कंपनीनें २५ एप्रिल १९८९ रोजीं मायक्रोटॅक ९८००एक्स हा संच पुढें आणला. त्याचें वजन सुमारें ३५० ग्रॅम होतें. त्यास कळांवर पडणारी झडप होती, व पडदा म्हणजे तांबड्या दिव्यांच्या ठिपक्यांनीं उमटणारीं आठ अक्षरें एवढाच होता. झडप तोंडापुढें येत असल्यानें बोलणें तींतूनच आंत जातें असा समज होतो. परंतु पुढील काळच्या मायक्रोटॅक संचांत ध्वनि घेणारें यंत्र झडपेंत नसून तळाशीं आहे. झडप मोडलेला संच संग्राहक कवडीमोल समजतात. तसें समजण्याचें कारण नाहीं, हें जातां जातां नमूद करतों.

आतां त्या ‘टॅक’ या अक्षरांविषयीं. या विषयांत हीं तीन रोमन अक्षरें तीन निरनिराळ्या अर्थांनीं येतात. डायनाटॅक, मायक्रोटॅक, स्टारटॅक या नांवांत तीं ‘टोटल एरिया कव्हरेज’ या शब्दसमूहाचीं आद्याक्षरें आहेत. इंग्लंडांत जानेवारी १९८५ मध्यें सुरू झालेल्या ॲनालॉग पद्धतीचें नांव टॅक्स. तेथें अर्थ ‘टोटल ॲक्सेस कम्युनिकेशन सिस्टिम’ असा. आणि जीएसएम संचाच्या पंधरा अंकी क्रमांकाच्या आरंभींच्या अंकांसही टॅकच म्हणतात. तेथें तो नमुन्याच्या मंजुरीचा संकेत आहे. विक्रीच्या जाहिरातींत ‘टॅक्स मायक्रोटॅक’ असे शब्द आढळल्यास ती द्विरुक्ति समजूं नये. तो संच इंग्लंडांतील पद्धतीचा आहे, असा त्याचा अर्थ.

येथूनच देशभेद सुरू होतात; आणि त्यांचें मूळ लोकांच्या आवडीनिवडींत नसून लहरींच्या वाटणींत आहे. अमेरिकेच्या ॲम्प्स पद्धतींत प्रत्येक संभाषणास ३० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळे, इंग्लंडच्या टॅक्समध्यें २५ किलोहर्ट्झचा. पट्टेही निरनिराळ्या ठिकाणीं. एकाचा संच दुसऱ्याच्या देशांत मुका. त्यामुळें कंपनीस तेंच कवच ठेवून आंतील यंत्र देशोदेशीं बदलावें लागलें. मायक्रोटॅक अमेरिकेंत ॲम्प्सचा, इंग्लंडांत टॅक्सचा, जपानांत जेटॅक्सचा, व पुढें १९९४ च्या सुमारास जीएसएमचाही झाला. कवच एक, पाठ चार.

जपानचें प्रकरण विशेष विस्तारानें सांगण्यासारखें आहे, कारण तेथें या संचापायीं दोन राष्ट्रांत तंटा माजला. टोकियो-नागोया हा सर्वांत संपन्न प्रदेश आयडीओ कंपनीकडे होता व ती एनटीटीच्या पद्धतीनें चाले. ओसाकासह पश्चिमेचा प्रदेश डीडीआयकडे असून तेथें मोटोरोलाची जेटॅक्स पद्धति होती. म्हणजे ओसाकाचा व्यापारी खिशांत घालील तो मायक्रोटॅक राजधानींत निरुपयोगी. अमेरिकेच्या सरकारनें १९८९ सालीं याबद्दल तक्रार केली. तडजोड झाली, पण आयडीओनें दुसरी पद्धति मनापासून उभारली नाहीं, अशी पुन्हां तक्रार होऊन मार्च १९९४ मध्यें नवा करार करावा लागला. दरम्यान एनटीटीनें एप्रिल १९९१ मध्यें मोव्हा या नांवानें चार लहान संच काढले. फुजित्सु, मात्सुशिता, मित्सुबिशी व एनईसी असे त्यांचे चार कारखानदार, आणि संचांचीं नांवें त्या त्या कारखानदाराच्या ठराविक संकेताक्षरावरून. यांतील एनईसीचा मोव्हा-एन हा झडपेचा नसून घडीचा होता.

मोव्हा-एनची नोंद येथें मुद्दाम केली आहे. स्टारटॅक हा जगांतील पहिला घडीचा मोबाइल, असें विधान इंग्रजी ग्रंथांत व विक्रेत्यांच्या याद्यांत सर्रास आढळतें. स्टारटॅक ३ जानेवारी १९९६ चा. मोव्हा-एन त्याच्या पांच वर्षें आधींचा. जपानबाहेर तो विकला गेला नाहीं, म्हणून जपानबाहेरच्या यादींत आला नाहीं, इतकेंच. एका दफ्तरावरून इतिहास लिहिला म्हणजे असें होतें. स्टारटॅकचें महत्त्व यामुळें कमी होत नाहीं. ८८ ग्रॅम वजनाचा तो संच त्या काळीं सर्वांत हलक्यांपैकीं होता, व त्याचे सुमारें सहा कोटी नग विकले गेले. घडीचा फोन ही वस्तु जगभर त्यानेंच रूढ केली. पण रूढ करणारा व आरंभ करणारा हे दोन निराळे.

स्टारटॅकचे पाठ मायक्रोटॅकहून अधिक आहेत. अमेरिकेचा ॲनालॉग, इंग्लंडचा विस्तारित टॅक्स, युरोप-आशियाचा जीएसएम, आणि नंतर अमेरिका व कोरिया यांचा सीडीएमए. कवच मिटलेलें असतां यांतील भेद अनभ्यस्त डोळ्यास कळत नाहीं. तेव्हां चिठ्ठीकडे वळावें. पोथीच्या शेवटीं लेखक, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका असते. त्या जागीं येथें ही चिठ्ठी आहे, आणि पुष्पिकेइतकीच ती काळजीपूर्वक वाचावी लागते.

अमेरिकन पद्धतीच्या संचावर ईएसएन नांवाचा क्रमांक असतो. तो दोन रीतींनीं लिहितात : सोळाच्या पायाच्या मोजणींत आठ चिन्हें, त्यांत रोमन अक्षरेंही येतात, किंवा दशमान मोजणींत अकरा अंक. दशमान रीतींत पहिले तीन अंक निर्मात्याचे असून १३० हा मोटोरोलाचा संकेत आहे. तोच सोळाच्या मोजणींत ८२ असा होतो. आमच्या स्नेह्यांच्या संचावरील क्रमांक ८२ नेंच सुरू होत होता. जीएसएम संचावर आयएमईआय हा पंधरा अंकी क्रमांक असतो. जुन्या रीतींत त्याची फोड सहा, दोन, सहा व एक अशी होती. पहिले सहा नमुन्याच्या मंजुरीचे, पुढील दोन शेवटची जुळणी कोठें झाली त्याचे, नंतर सहा संचाचा अनुक्रम, व शेवटचा एक. १ एप्रिल २००४ पासून जुळणीचे दोन अंक स्वतंत्र राहिले नाहींत, आरंभींचे आठही नमुन्याकडे गेले. म्हणून सातव्या-आठव्या अंकावरून कारखाना सांगूं पाहणाऱ्यानें संच २००४ च्या अलीकडचा कीं पलीकडचा, हें आधीं ठरविलें पाहिजे. याखेरीज मोटोरोलाच्या चिठ्ठीवर कंपनीचा स्वतःचाही अनुक्रमांक असतो, व त्यांत निर्मितीचा काळ दर्शविणारीं अक्षरें गुंफलेलीं असतात. तीं पुसूं देऊं नयेत. चिठ्ठी साफ करण्याकरितां स्पिरिट वापरणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. मोडी कागदावरील शाई धुऊन कागद शुभ्र केल्याचें समाधान त्यांस मिळत असावें.

दुसरें साधन म्हणजे कळांवरील लिपि. आमच्या वाचकांस हें अधिक रुचेल. जपानी संचाच्या कळांवर अंकांबरोबर तेथील काना अक्षरें छापलेलीं असतात. १ वर अ, २ वर का, ३ वर सा, ४ वर ता, ५ वर ना, ६ वर हा, ७ वर मा, ८ वर या, ९ वर रा, व ० वर वा. एकेक कळ पुन्हां पुन्हां दाबली कीं अ, इ, उ, ए, ओ या क्रमानें स्वर बदलतात. हा क्रम ओळखीचा वाटतो, आणि तो ओळखीचाच आहे. बौद्ध भिक्षूंनीं सिद्धम् लिपींतील संस्कृत वर्णमालेचा जो अभ्यास जपानांत नेला, त्यावरून तेथील वर्णक्रम बसविला गेला. क-वर्ग, त-वर्ग, न, म, य, र, व हे आपापल्या जागीं आहेत. ‘सा’ च-वर्गाच्या जागीं आला, व ‘हा’ प-वर्गाच्या जागीं, कारण त्या अक्षरांचा जुना जपानी उच्चार अनुक्रमें च-सारखा व प-सारखा होता. टोकियोच्या बाजारांतल्या फोनावर अंगठा फिरविणारा मनुष्य नकळत आपल्याच वर्णमालेची उजळणी करीत असे.

कोरियाच्या कळफलकाची कथा याहून नवलाची आहे. सॅमसंगच्या संचांत चोनजीइन नांवाची रीति आहे. तिच्या नांवाचा अर्थ स्वर्ग-भूमि-मनुष्य. पहिल्या तीन कळांवर एक उभी रेघ, एक ठिपका व एक आडवी रेघ असून त्यांच्या जोडणीनें सर्व स्वर लिहितां येतात. राजा सेजोंग याच्या आज्ञेनें १४४६ सालीं सिद्ध झालेल्या ‘हुनमिनजोंगउम हेर्ये’ या ग्रंथांत कोरियन स्वरांची उपपत्ति नेमकी अशीच दिली आहे : ठिपका म्हणजे वाटोळें आकाश, आडवी रेघ म्हणजे सपाट भूमि, उभी रेघ म्हणजे उभा मनुष्य. ह्या ग्रंथाची प्रत शतकानुशतकें अज्ञात होती. ती १९४० सालीं आंडोंगच्या बाजूस उजेडांत आली व एका संग्राहकानें विकत घेऊन जपली. पुढें १९९७ मध्यें युनेस्कोच्या स्मृतिपटांत तिची नोंद झाली. ती प्रत त्या वेळीं हातची गेली असती, तर ह्या कळफलकाच्या नांवामागील आधारच उरला नसता.

कोरियांत सीडीएमए पद्धतीची सार्वजनिक सेवा जानेवारी १९९६ मध्यें सुरू झाली, म्हणजे स्टारटॅकच्याच महिन्यांत. तेथें घडीच्या फोनास फोल्डर असें नांव पडलें. जपानांत २२ फेब्रुवारी १९९९ रोजीं आय-मोड ही लिखित सेवा आली, व एनईसीचा घडीचा एन५०१आय त्याच वर्षीं तिच्यासाठीं निघाला. वाचण्यास मोठा पडदा हवा आणि खिशास लहान संच हवा, या दोन गरजा घडीनें एकदम भागविल्या. युरोपांत लोक लहान संदेश लिहून संतुष्ट होते, तेथें अखंड संचच अधिक चालले. नोकिया कंपनी घडीकडे २००३ च्या ७२०० पर्यंत वळली नाहीं, याचें एक कारण हें दिसतें.

इतर पाठांचा थोडक्यांत निर्देश करतों. स्वीडनच्या एरिक्सनचा १९९९ चा टी२८ हा झडपेचा. बाजूची कळ दाबतां झडप स्प्रिंगनें उघडते. त्याचा अमेरिकेंतही चालणारा पाठ टी२८ वर्ल्ड, व चिनी लिपीचा टी२८एससी. मोटोरोलाचा व्ही९९८ चीनमध्यें फार खपला. २००४ चा रेझर व्ही३ हा १३.९ मिलिमीटर जाडीचा, धातूच्या एकाच पत्र्यांतून कोरलेल्या कळांचा संच. चार वर्षांत या मालिकेचे तेरा कोटींहून अधिक नग गेले. मूळ व्ही३ जीएसएमचे चारही पट्टे घेई, त्यामुळें जीएसएमच्या जगांत त्यास देश उरला नाहीं. पण सीडीएमएकरितां अमेरिकेंत व्ही३सी व कोरियांत एमएस५००, आणि जपानच्या निराळ्या जाळ्याकरितां एम७०२आयएस असे पाठ काढावेच लागले. येथें नांव निराळें असूनही रूप एकच, म्हणून पुन्हां चिठ्ठी.

आतां क्षेपकांविषयीं. घडीच्या यंत्राचें मर्मस्थान बिजागरी. दोन पानांस जोडणारी लवचीक मुद्रित पट्टी तींतून जाते, व हजारों वेळां उघडमीट झाल्यावर ती तुटते. दुरुस्ती करणारे मग दुसऱ्या संचाचें पान लावून देतात. कवचें तर नवीं सुटीं विकत मिळतात. जपानी अक्षरांच्या कळा असलेला पण जीएसएमचा आयएमईआय दाखविणारा जुना स्टारटॅक कोणी आणून दाखविल्यास तो दोन प्रतींची पानें एकत्र शिवलेली पोथी समजावा, कारण जपानांत जीएसएमचें जाळें कधींच नव्हतें. चालू स्थितींतील जीएसएम संचावर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट हीं चिन्हें दाबलीं असतां आंतील क्रमांक पडद्यावर येतो. तो चिठ्ठीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. भारतांतील कांहीं संचांच्या बाबतींत मात्र आणखी एक सावधगिरी हवी. वैध आयएमईआय नसलेले संच ३० नोव्हेंबर २००९ नंतर बंद करण्याचा सरकारी हुकूम झाला, तेव्हां नांवगांव नसलेल्या स्वस्त चिनी संचांत नवे क्रमांक भरून देण्याची मोहीम अधिकृतपणें राबविली गेली. अशा संचांत आंतील क्रमांक चिठ्ठीशीं जुळला नाहीं, म्हणून तो लबाडीचाच असें मानतां येत नाहीं. हें क्षेपक सरकारमान्य आहे.

ॲनालॉग संचांस हा उपायही नाहीं. अमेरिकेंत ती सेवा चालू ठेवण्याचें बंधन १८ फेब्रुवारी २००८ रोजीं संपलें. इंग्लंड व जपान येथें ती त्यापूर्वींच बंद झाली होती. आज ते संच पेटतात, जाळें शोधतात, व थांबतात. त्यांजविषयीं चिठ्ठी, कवच व सोबतचे कागद एवढाच पुरावा. म्हणून खोका, चार्जर, पावती हें संचापासून वेगळें करूं नये.

आमच्या स्नेह्यांच्या बाबतींत निकाल याच कागदांनीं लागला. बंधूंच्या पेटींत संचाचा चार्जर निघाला. त्याच्या चपट्या दोन पात्यांच्या पिनेस आपल्याकडील भोकाकरितां जोडपीन बसविली होती. सोबत १९९७ च्या विमानप्रवासाच्या तिकिटाचें स्थळपत्र होतें, न्यूयॉर्क ते मुंबई. फोन येथें चालणार नाहीं हें बंधूंस आणतांना ठाऊक होतें कीं येथें आल्यावर कळलें, हें त्या कागदांवरून निघत नाहीं. पण जोडपीन पाहतां निदान एकदां तरी त्यांनीं तो येथें पेटविला असावा. संग्रहाच्या यादींत पूर्वीं ‘मुंबईंत वापरलेला’ असा शेरा होता. स्नेह्यांनीं तो खोडला नाहीं. त्याखालीं आपल्या हातानें लिहिलें : ‘स्टारटॅक, अमेरिकेची ॲनालॉग प्रत. १९९७ सालीं मुंबईस आणली. येथें चालली नाहीं. दादांनीं जपून ठेवली.’